सॉसच्या दोन वाट्या

अर्ध्या तासात होणारी कुठलीही गोष्ट मी आता करायला घेत नाही. घरात कोणी "अर्ध्या तासाचं तर काम आहे" असं म्हणालं की मी टोपी घालतो आणि गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फिरायला निघून जातो. मी नाशिकच्या कोर्टात नक्कल-कारकून आहे. कोर्टात अर्ध्या तासात काहीच होत नाही, आणि म्हणूनच तिथे आजवर माझ्या हातून काही बिघडलेलं नाही. जे बिघडलं ते घरी, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, आणि तेही माझ्या एकुलत्या एका मुलीच्या डोहाळजेवणाला.

मैना पहिल्या खेपेला माहेरी आली होती. सासर गिरगावात, माणसं चांगली, खाऊनपिऊन सुखी. पण सुखी माणसांच्या घरून आलेली ही पोर स्वतः काही खाईल तर शपथ. वरणभाताचे घास कसेबसे जायचे. भाजी पानात पडली की तोंड फिरवायची आणि नाकाला पदर लावून मोरीकडे धावायची. माझी बायको चंद्रभागा हिने दुधी किसून पाहिला, मेथी पराठ्यात लपवून पाहिली, भोपळ्याला गूळ लावून पाहिला. भोपळा पोटात राहिला नाही. डॉक्टरीणबाई आल्या, मैनाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच तिचं रक्त विकून खाल्लं होतं.

"भाज्या पोटात गेल्याच पाहिजेत," त्या म्हणाल्या. "सातवा लागलाय. अशीच राहिली तर बाळंतपण जड जाईल."

तशात मुंबईहून विहीणबाईंचा निरोप आला. आमच्या विहीणबाई म्हणजे ठमाबाई. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत, आणि लग्नात मांडवातल्या आचाऱ्याला त्यांनी आमटीवरून जे झापलं ते आमच्या आळीत अजून सांगतात. निरोप असा होता: डोहाळजेवणाला येते, मुलगी सुकलेली दिसली तर परत जाताना बरोबर घेऊन जाते, इकडे मोठे डॉक्टर आहेत.

पहिलं बाळंतपण सासरी! चारचौघांत तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होताच. पण खरं सांगायचं तर चारचौघांचं मला फारसं काही वाटत नव्हतं. ते दिवस असे आणि पोर तिकडे परक्या खोलीत, रात्री बाबा म्हणून हाक मारली तर ओ द्यायला मी नाही, हे मला सोसणारं नव्हतं. कोर्टात बसल्या बसल्या मी एका नकलेत वादीच्या नावाच्या जागी 'मैना' लिहून गेलो.

आणि त्याच संध्याकाळी मैना आपण होऊन म्हणाली, "बाबा, मला तो लाल सॉस हवाय."

"कसला सॉस?"

"इराण्याच्या हॉटेलात मिळतो ना, टोमॅटोचा. यांनी एकदा नेलं होतं. बटाट्याच्या कटलेटबरोबर देतात." एवढं सांगताना सुद्धा तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. कित्येक आठवड्यांत पोरीने काही मागितलं नव्हतं.

डोहाळे पुरवायचे ते माहेरच्या माणसांनी. मी तडक शेजारच्या धोंडीरामांकडे गेलो. धोंडीराम देवळालीच्या कँपात गोऱ्यांच्या कोठारावर नोकरी करून पेन्शनीत निघाले होते, आणि विलायती वस्तूंच्या बाबतीत आमच्या आळीत त्यांचा शब्द हायकोर्टाचा होता.

"कँपातून एक बाटली आणून द्या," मी म्हणालो.

"बाटली?" धोंडीरामांनी कानाला हात लावले. "रंगनाथराव, गरोदर पोरीला बाटलीतला सॉस? त्यात मासळी कुजवून घालतात."

"टोमॅटोच्या सॉसमध्ये?"

"साहेब कशात काय घालील याचा नेम आहे का? घरीच करा. अर्ध्या तासाचं काम. टोमॅटो शिजवायचे, गाळायचे, साखर, मीठ, तिखट, आंबट. संपलं."

"तुम्ही केलाय कधी?"

"केला नाही. पण रोज खिडकीतून बघत होतो."

खिडकीतून बघितलेला पुरावा कोर्टात कितपत टिकतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एक विचार चमकला आणि त्यापुढे मला काही सुचेना. लाल रंगाखाली काहीही लपतं! गाजर, दुधी, भोपळा, बीट, पालक, मेथी, सगळं त्यात शिजवून, वाटून, गाळून टाकायचं. मैना समजेल सॉस, आणि पोटात जाईल अख्खा भाजीबाजार. विहीणबाईंना मी स्वतः वाटी नेऊन दाखवीन. मला माझा फार अभिमान वाटला.

टोमॅटो मखमलाबादच्या एका मळ्यातून टोपलीभर आणले. जकात नाक्यावर कारकुनाने टांगा थांबवला आणि टोपलीत बोट घालून विचारलं, "हे फळ का भाजी?" कारण दोघांचे दर निराळे. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कायद्याचा मुद्दा निघाला की मला राहवत नाही. मी सांगितलं, ज्याच्या पोटात बी ते फळ. तो म्हणाला, मग वांगं काय? मी म्हणालो, तेही फळच. त्यावर मागच्या गाडीतला वांगीवाला खाली उतरला आणि माझ्या अंगावर धावून आला, कारण फळाचा दर जास्त होता आणि तो बिचारा आजवर भाजीचा दर भरत आला होता. वाद मिटेपर्यंत ऊन चढलं आणि टोपलीतले तळाचे टोमॅटो आपोआपच सॉस झाले. टांगेवाल्याच्या गादीला त्याचा डाग अजून आहे.

घरी येऊन मी चंद्रभागेला स्वयंपाकघरातून रजा दिली. "ही विलायती चीज आहे. यात तुझं काम नाही. तू आळीत आमंत्रणं करून ये."

मग मी माळ्यावरचं मोठं पितळी पातेलं काढलं. मैनाच्या लग्नानंतर ते वर गेलं होतं. चंद्रभागा दारातून म्हणाली, "अहो, ते नका घेऊ, त्याला आधी..."

"मधे बोलू नकोस," मी म्हणालो. तिने ओठ मिटले, हळदकुंकवाचा करंडा उचलला आणि निघून गेली. ती ओठ मिटून निघून जाते तेव्हा तिला परत बोलवावं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही जमलेलं नाही.

पातेलं आतून अगदी कळाहीन दिसत होतं. पांढुरका, मधूनमधून काळपट असा थर जागोजागी चिकटला होता. किती हा मळ! लग्नातल्या आचाऱ्याने नीट घासलं नसणार. मी धोतर खोचलं, चिंच, राख आणि विटकरीचा भुगा घेतला आणि काथ्याने घासायला बसलो. खांदे भरून आले, पण तो थर निघेपर्यंत मी सोडलं नाही. शेवटी पातेलं आतून असं लखलखलं की त्यात माझी मिशी दिसायला लागली. बायकांना एवढं साधं कसं जमत नाही, असंही माझ्या मनात आलं.

चूल पेटवली. टोमॅटो रटरटू लागले, तशी मागच्या दारात भागीबाई येऊन उभ्या राहिल्या. भागीबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. आळीतली सगळी बाळंतपणं त्यांच्या सल्ल्याने झालेली, मग सल्ला कोणी विचारो न विचारो.

"बीट घाला, रक्त वाढतं," त्या म्हणाल्या. घातलं.

"वांगं नको, वातूळ. पपईचं तर नावच काढू नका." काढलं नाही.

"दुधी घाला, थंड पडतो. आणि सुंठ घाला, फार थंड पडायला नको." दोन्ही घातलं. पालक घातला, मेथी घातली. "आंबटाचं काय करणार?"

"धोंडीराम व्हिनेगार म्हणत होते."

"ते काय असतं मेलं? चिंचेचा कोळ घाला चांगला घट्ट. आणि वर लिंबू पिळा. डोहाळ्यांना आंबटच लागतं." मी चिंच घातली आणि लिंबंही पिळली.

अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. मग पाट्यावर वाटणं, पुरणाच्या चाळणीतून गाळणं, परत पातेल्यात घालून आटवणं. दुपार झाली, ऊन उतरलं, माझ्या बंडीवर, भिंतीवर, पंचांगावर लाल शिंतोडे उडाले. सॉसला कडेने किंचित हिरवट झाक आली होती; ती मेथीची, असं मी ठरवलं. चमच्याने चव घेतली. जीभ जराशी आखडली. पण विलायती वस्तूची चव एकदम कळत नाही, असं धोंडीराम नेहमी म्हणत, म्हणून मी बरणी भरून फळीवर ठेवून दिली. चंद्रभागेला कळू नये म्हणून पातेलंही घाईने धुऊन पुन्हा माळ्यावर चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने विहीणबाई आल्या. टांग्यातून उतरताच त्यांनी मैनाची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "काय ही दशा!" एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं होतं तसंच. टांगेवाल्याने त्यांची ट्रंक एका हाताने उचलून ओट्यावर ठेवली, म्हणजे ती रिकामी होती. ती मैनाचे कपडे न्यायलाच आणली होती, यात शंका नव्हती.

दुपारी डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळ्यावर मैना आणि भोवती आळीतल्या बायका. पानात गरम बटाटेवडे आणि शेजारी वाटीत लालभडक सॉस. आम्हा पुरुषांना तिथे काय काम? पण मी माजघराच्या दाराआड उभा होतो. मैनाने वडा उचलला. सॉसच्या वाटीत बुडवायला नेला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी आपल्या वाटीतलं बोट चाटलं, क्षणभर थांबल्या, आणि एकदम मैनाच्या हातची वाटी ओढून घेतली.

"दे इकडे ती! मलाच हवी ही. असा सॉस मुंबईत मिळत नाही हो." आणि दोन्ही वाट्या पदराआड घेऊन बाई स्वयंपाकघराच्या बाजूला निघूनही गेल्या.

बायका खो खो हसल्या. गरोदर सुनेच्या पुढ्यातली वाटी सासूने पळवली! मैनाला माझा सॉस चाखता आला नाही याची मला हळहळ वाटली, पण विहिणीने, त्या ठमाबाईंनी, एवढं कौतुक केलं होतं! बरणीत अजून भरपूर होता. बायकांची पाठवणी होऊ द्या, मग मैनाला पोटभर देऊ. मी बाहेर ओट्यावर गेलो आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला गाठून ती हकीकत सांगितली. पोस्टमनला दोनदा सांगितली.

तेवढ्यात कादर कल्हईवाला आला. सणकार्य आटोपलं की चंद्रभागा त्याला बोलावून भांडी लावून घेते. त्याने ओट्याखाली भाता मांडला, भांडी पाहू लागला, आणि ते मोठं पातेलं हातात घेऊन उन्हात फिरवलं.

"रावसाब, हे कोणी घासलं?"

"मी," मी ताठ होऊन म्हणालो.

"आतून बी?"

"आतूनच जास्त. काय मळ होता म्हणून सांगू!"

कादरने पातेलं मांडीवर ठेवलं. "मळ नाय साहेब, कल्हई होती. होती नव्हती ती सारी काढून टाकली तुम्ही. आता नुस्तं पितळ राहिलंय. याच्यात आंबट काय शिजवलं नाय ना?"

माझी नजर पातेल्याच्या काठावर वाळलेल्या लाल शिंतोड्याकडे गेली.

"टोमॅटो?" त्याने तो नखाने खरवडला, आणि मी चिंच-लिंबाचंही कबूल केलं. "चिंच बी? लिंबू बी? या अल्ला! आंबट पितळात कळकतं साहेब. जहर होतं. नांदगावला एका लग्नात असंच पितळात ताक ठेवलं व्हतं. सारी वरात आडवी, नवरदेवासकट!"

"मग? पुढे काय झालं त्यांचं?"

"मी लहान व्हतो तवा. पुढचं काय ठाऊक नाय."

मी चमचाभर चाटला होता, त्याची आठवण पोटाने लगेच करून दिली. पण माझं काय? मैना! मैनाने काही खाल्लं का? वाटी ओढली त्याआधी तिने बोट बुडवलं होतं का? आणि विहीणबाई तर दोन वाट्या रिचवून बसल्या होत्या. मी आत धावलो. मैना भिंतीकडे तोंड करून निजली होती. चेहरा पांढराफटक. तो रोजच पांढराफटक असायचा, पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. आतून कोणी ओकतंय का ते कान देऊन ऐकलं आणि तसाच दवाखान्याकडे पळालो.

"पेशंट कोण?" कंपाउंडरने दौतीत टाक बुडवून विचारलं.

"आळीतल्या सगळ्या बायका. माझी मुलगी. माझी विहीण."

"काय होतंय?"

"अजून काही होत नाही."

त्याने टाक खाली ठेवला. "मग काही झालं की या. डॉक्टर बाहेर गेलेत."

कोर्टात जन्म काढलेला माणूस मी. ठरवलं, आधी साक्षी घ्यायच्या. कोणी किती खाल्लं ते कळलं तर पुढचं बघता येईल. पहिली भागीबाई.

"भागीबाई, तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय?"

"सॉस कसा झाला होता?"

"अगदी अमृत हो! वाटी चाटूनपुसून खाल्ली. परत मागून घेतला."

माझे डोळे भरून आले. भागीबाईंना ते आनंदाचे अश्रू वाटले आणि त्या आणखी पेटल्या. "माझ्या सुनेने तर तीनदा घेतला!"

धोंडीरामांना ओट्यावर पान दिलं होतं. ते म्हणाले, "गोऱ्यांनी तोंडात बोट घातलं असतं. बोट म्हणजे, आश्चर्याने." पलीकडच्या दोघी जावांनी एका आवाजात सांगितलं, असा सॉस आम्ही जन्मात खाल्ला नाही. जो तो पोटभर खाल्ल्याची शपथ घेत होता, आणि प्रत्येक शपथेबरोबर माझ्या डोळ्यांपुढे एकेक तिरडी उभी राहत होती. शेवटी मला सोसवेना. मी आळीच्या मध्यावर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "ऐका! पातेल्याला कल्हई नव्हती! सॉस कळकलाय! खरं सांगा, कोणी किती खाल्ला?"

भागीबाईंनी पदर सावरून इकडेतिकडे पाहिलं.

मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मी प्राजक्ताच्या बुंध्याशी ओतला."

"परत मागून घेतलात तो?"

"तोही."

त्यांच्या सुनेने गाईला घातला होता आणि गाईने तोंड लावलं नव्हतं. जावांपैकी एकीने आपला सॉस दुसरीच्या वाटीत ओतला होता, आणि दुसरीने ती वाटी पाटाखाली सरकवली होती. धोंडीरामांनी धोतराचा सोगा झटकला. "कावळ्याला ठेवला होता," ते म्हणाले. "कावळा आला, बघून गेला."

माझा जीव भांड्यात पडला. फक्त त्या भांड्यालाही कल्हई नसावी, कारण पुढच्याच क्षणी मला कडू लागलं. एवढ्या माणसांत एकानेही माझा सॉस तोंडात घातला नव्हता! वर तोंड भरून कौतुक! कोर्टातले साक्षीदार पैशासाठी खोटं बोलतात. ही माणसं नुसत्या भिडेपोटी बोलत होती. पण रागवायला वेळ नव्हता. विहीणबाईंनी खाल्ला होता. मैनाचं काही कळलेलं नव्हतं.

मी घरात शिरलो. मैना उठून बसली होती. मी तिच्यापुढे मटकन बसलो आणि तिचे दोन्ही हात धरले. "मैना, खरं सांग. सॉस तुझ्या पोटात गेला का? थोडासुद्धा?"

तिचे डोळे डबडबले. "नाही हो बाबा. एक थेंबसुद्धा नाही. सासूबाईंनी आधीच ओढून घेतली वाटी. एवढे डोहाळे मागितले आणि..."

"देवा रे!" म्हणून मी असा मोठ्याने रडलो की पोर घाबरली. मला ती सुखरूप आहे एवढंच कळत होतं, बाकी काही नको होतं.

पण विहीणबाई? त्या स्वयंपाकघरात होत्या. पाट मांडून बसल्या होत्या, शेजारी चंद्रभागा, आणि दोघींच्या मध्ये माझी सॉसची बरणी उपडी, रिकामी. धुतलेली. मी उंबऱ्यावरच हात जोडले. "विहीणबाई, मला क्षमा करा. त्या पातेल्याला..."

"कल्हई नव्हती," त्या म्हणाल्या. "पहिल्या बोटालाच कळलं मला. जीभ आखडली."

"मग... मग ते मैनाच्या हातून वाटी ओढणं? मुंबईत मिळत नाही म्हणालात ते?"

"मुंबईत मिळत नाहीच. मुंबईत लोक पातेलं बघून घेतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर आता तशी नव्हती. "आळी भरून बायका बसल्या होत्या. तिथे सांगू की पोरीच्या बापाने विष केलंय? तुम्ही दारामागे उभे होतात, तुमची सावली दिसत होती मला. बाकीच्या बायकांकडे मी स्वयंपाकघराच्या दारातून लक्ष ठेवून होते. कोणीच खात नव्हतं, म्हणून गप्प राहिले. दोन वाट्या मोरीत ओतल्या आणि बरणीही."

माझ्या मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसावं हेही सुचत नव्हतं. ज्या बाईला मी आठवडाभर वैरीण समजत होतो, तिने माझी पोर सांभाळली होती आणि माझी अब्रूही.

"कल्पना चांगली होती," विहीणबाई म्हणाल्या. "चंद्रभागाबाईंनी सांगितलं, सगळ्या भाज्या घातल्या होत्या म्हणून. टोमॅटो उरलेत ना? घरातली दगडी काढा, ते दगडाचं भांडं. आंबट दगडीत करतात, रंगनाथराव, नुसत्या पितळेत नाही. आणि ती गाजरं चिरायला घ्या. बसा, असे उभे काय!"

मी बसलो. गाजरं चिरली, बीट किसलं, सांगतील तेव्हा फुंकणी फुंकली. मध्येच एकदा चंद्रभागेने माझ्यापुढची विळी ओढून घेतली आणि माझ्या कापलेल्या बोटाला हळद लावली. चिंच घातली नाही. मेथीही नाही, मेथीचा कडूपणा लपत नाही म्हणे. सॉस झाला तेव्हा दिवेलागण होत आली होती.

मैनाने भाकरीचा तुकडा त्यात बुडवला आणि खाल्ला. आम्ही तिघं मोरीकडे बघत बसलो. ती उठली नाही. दुसरा तुकडा बुडवला. मग वाटी पुढे करून म्हणाली, "आणखी आहे?"

"हिला मुंबईला नेत नाही मी," विहीणबाई म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "मीच राहते इथे. बारशापर्यंत. तुमच्या हातात स्वयंपाकघर सोडून जायला माझं मन घेत नाही." मैनाचे कपडे न्यायला आणलेली ती रिकामी ट्रंक दुसऱ्याच दिवशी बाजारातून आणलेल्या त्यांच्याच लुगड्यांनी भरली. पुढचे सगळे महिने मी ओट्यावर निजलो, आणि रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी त्यांच्यासमोर भाजी निवडली. बाळंतपण सुखरूप झालं. नातीचे गाल टोमॅटोसारखे आहेत, असं भागीबाई म्हणतात. त्यांच्या साक्षीवर मी विश्वास ठेवत नाही, पण या बाबतीत ते खरं आहे.

आळीत अजूनही कोणी माझ्या सॉसवरून हसायला लागलं की मी शांतपणे सांगतो: विहीणबाईंनी त्याच्या दोन वाट्या संपवल्या, भर पंगतीत, सुनेच्या हातातली ओढून. हे कोर्टात शपथेवर सांगायलाही माझी तयारी आहे. कुठे संपवल्या, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही.